सतरा नावांची चिठ्ठी

नोव्हेंबर हा आमच्या धर्मग्रामात मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला दफनभूमीतील थडग्यांवर फुले वाहून होतात, मेणबत्त्या विझतात, तरी पुढे महिनाभर आमच्या कार्यालयात चिठ्ठ्या येतच राहतात. कुणाचे आजोबा, कुणाची पाळण्यातच गेलेली लेक, कुणाचा परदेशी नोकरीवर असताना अपघातात गेलेला भाऊ. चिठ्ठ्या येतात आणि मिस्साच्या वेळी त्यांवरील नावे वाचली जातात. जवळजवळ तीस वर्षांच्या धर्मगुरुपदात अशा किती चिठ्ठ्या आमच्या हातांखालून गेल्या याची गणती नाही. खरे सांगायचे तर, नावे वाचणे हाही कालांतराने एक सराव होऊन बसतो. ओठ वाचत असतात आणि मन पुढल्या कामाकडे धावत असते.

मागील नोव्हेंबरात आलेल्या एका चिठ्ठीने मात्र आम्हांस थांबविले. वहीचा आखीव कागद, निळी शाई, वळणदार पण कोठेही न डगमगणारे हस्ताक्षर. एकाखाली एक सतरा नावे, प्रत्येकाला क्रमांक आणि प्रत्येकापुढे हुद्दा : लाईनमन, हेल्पर, ऑपरेटर, वायरमन, मीटर रीडर, ड्रायव्हर. खाली सही कोणा एकाची नव्हती. ‘निवृत्त वीज कर्मचारी’ एवढेच शब्द होते. सतरांपैकी आमच्या धर्मग्रामातील नावे अवघी पाच. बाकीची शेजारच्या आगरी आणि कोळी वस्त्यांतली, डोंगराकडच्या आदिवासी पाड्यांतली, दोन मुसलमान बांधवांची. चिठ्ठी आणून देणाऱ्या मुलाबरोबर आम्ही निरोप धाडला, ‘ज्यांनी ही लिहिली त्यांना सांग, सवड काढून एकदा भेटा.’

शनिवारी संध्याकाळी चौघेजण आले. सर्वांत वडील ते सबस्टेशनचे निवृत्त ऑपरेटर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. त्यांच्यासोबत एक लाईनमन, एक वायरमन आणि तारांची व खांबांची गाडी हाकणारे एक ड्रायव्हर. ‘सवड काढून कसली येताय, फादर? आता आमच्याकडे सवडच सवड,’ असे म्हणत ते ओट्यावर बसले. बसता बसता लाईनमनकाकांची नजर सवयीने वर गेली. ‘फादर, ही सर्व्हिस वायर सैल पडली आहे. पुढच्या पावसाआधी ओढून घ्या.’ या घरात आम्ही तीन वर्षे राहतो. त्या तारेकडे आम्ही एकदाही पाहिले नव्हते.

आम्ही त्यांना म्हटले, ‘ही नावे नुसती वाचायची नाहीत. ही माणसे कोण होती ते आधी ऐकायचे आहे.’ चौघांनी एकमेकांकडे पाहिले. एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नसावे.

*

आमचा जन्म १९६७ चा. वसईच्या वाड्यांत त्या काळी विहिरीवरचा रहाट बैलाच्या पावलांनी फिरे. त्याची करकर पहाटे आम्हांस जागे करी आणि संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसण्याचे काम भावंडांत पाळीपाळीने येई. आम्ही प्राथमिक शाळेत असताना आमच्या वाडीत वीज आली. खाकी पोशाखातील दोन माणसे खांबावर चढली, सारी वाडी खाली गोळा झाली आणि दिवेलागणीला घरात पिवळा गोळा पेटला, एवढेच आठवते. त्या दोघांचे चेहरे आठवत नाहीत. आजी मात्र स्पष्ट आठवते. वीज आल्यावरही कित्येक वर्षे तिने कंदिलाची काच रोज पुसून ठेवली. ‘हिचा काय भरवसा?’ हे तिचे विजेविषयीचे मत अखेरपर्यंत कायम होते.

पुढे बैल गेले, रहाट गेले, विहिरींवर मोटारी बसल्या. केळीच्या आणि फुलांच्या बागा बहरल्या. मग मोटारींनी इतके पाणी उपसले की किनाऱ्याकडच्या विहिरींना मचूळ पाणी लागू लागले. विजेने आम्हांस काय दिले आणि आम्ही तिचा कसा वापर केला, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला त्या खाकीतील माणसांच्या नावावर जमा आहे. दुसरा आमच्या नावावर.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि त्यानंतर दोन महिने होण्यापूर्वीच, २० जून १९६० रोजी, राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले. ‘बोर्डात नोकरी’ हा शब्द आमच्या पिढीच्या कानांत लग्नाच्या बोलण्यांतून पडला. मुलगा बोर्डात आहे म्हटले की मुलीकडील मंडळी निम्मी विरघळत. पगार बांधलेला, नोकरी कायमची. त्या नोकरीत रात्र कोणाची आणि सण कोणाचा, हे मात्र त्या बोलण्यांत कधी निघत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत किंवा नाताळात ते नव्या नवरीला कळून येई.

*

ऑपरेटरकाकांनी खिशातून चष्मा काढला आणि चिठ्ठीची दुसरी प्रत मांडीवर पसरली. पहिले नाव सर्वांत ज्येष्ठ माणसाचे. कोयना प्रकल्पातील वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत हे गृहस्थ तरुण वयात पोफळीला रुजू झाले होते. पोफळीचे वीजगृह सह्याद्रीच्या पोटात आहे. धरणाचे पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविलेले, ते खोल उतरून चक्रे फिरविते आणि मग वाशिष्ठीला जाऊन मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. वीजनिर्मिती थांबली आणि त्याची झळ मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. ‘तो सांगायचा,’ ऑपरेटरकाका म्हणाले, ‘घर सोडून आम्ही उघड्यावर बसलो होतो. जमीन अजून मधूनमधून हलत होती. उजाडल्यावर बायकोला म्हटलं, माझी पाळी आहे, जाऊन येतो. ती म्हणाली, डोंगराच्या आत जाणार? मी म्हटलं, मग कुठे जाणार?’

त्या वर्षी आम्ही पाळण्यात होतो. कोयनेचा भूकंप आमच्यासाठी शाळेच्या पुस्तकातील एक सनावळी होती. तिच्यात पाळीवर निघालेला एक माणूस आहे, हे आम्हांस पंचावन्नाव्या वर्षानंतर कळले.

तिसरे आणि चौथे नाव हेल्परांचे. दोघेही डोंगराकडच्या पाड्यांतले, खड्डे खणण्यात तरबेज. सिमेंटचा खांब उभा करायचा म्हणजे आधी पुरुषभर खड्डा, मग दोर, बांबूंची कैची आणि आठ-दहा माणसांचा एका हाकेसरशी लागणारा जोर. खाडीलगतच्या खाजणात गाडी जात नसे, तेथे खांब माणसांनी खांद्यावरून नेले. ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘फादर, तुमच्या किनाऱ्याकडे जेवढे पोल दिसतात ना, त्यांतल्या निम्म्यांखाली या दोघांचा घाम आहे. पण घरी वीज यायला त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागली.’

सहावा मीटर रीडर. वाड्यांतील कुत्री त्याला नावाने ओळखत, असे वायरमनकाकांनी सांगितले आणि सगळे हसले. आठवा लाईनमन. मे महिन्यातल्या भर दुपारी रबरी हातमोजे पट्ट्याला अडकवून वर चढला. घामाने हात भिजतात, पक्कड सटकते, म्हणून बरेच जण तसे करीत. एक हात कोपरापासून गमावला आणि पुढची सतरा वर्षे त्याने कार्यालयात टेबलावर बसून तक्रारी लिहून घेतल्या. डाव्या हाताने लिहायला तो नव्याने शिकला. ‘अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढायचा,’ एवढीच टिप्पणी ऑपरेटरकाकांनी केली.

किनाऱ्यावरच्या लाईनचे दुखणे वेगळे असते, ते आम्हांस त्या संध्याकाळी समजले. वाऱ्याबरोबर आलेले मीठ वर्षभर चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर साचते. मोठ्या पावसात ते धुऊन जाते. पण जूनच्या आरंभी नुसती भुरभुर झाली की ते मीठ ओले होते, ठिणग्या उडतात आणि लाईन ट्रिप होते. त्यातच नारळाच्या झावळ्या तारांवर पडतात. अशा रात्री फॉल्ट शोधायचा म्हणजे टॉर्च घेऊन मैलोगणती चालायचे, एकेक तुकडा वेगळा करायचा, सबस्टेशनला कळवून ट्रायल घ्यायची. लाईन टिकली तर फॉल्ट पुढे, ट्रिप झाली तर मागे. आम्ही त्या वेळी घरात उकाड्याने तळमळत म्हणत असू, ‘झोपले असतील लेकाचे.’

ऑपरेटरकाका स्वतःविषयी फारसे बोलले नाहीत. दर तासाला मीटरवरची आकडेवारी वहीत टिपायची, हे काम त्यांनी छत्तीस वर्षे केले. लाईनवर माणूस चढण्यापूर्वी ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर स्विच उघडतो, त्याला कुलूप लावतो, ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी अडकवितो. काम संपून परमिट परत आल्यावाचून तो स्विच कोणाच्याही सांगण्यावरून दाबायचा नाही. ‘कोणाच्याही म्हणजे कोणाच्याही, फादर. साहेबांचा फोन येतो, पुढाऱ्यांचा येतो. लोक दारावर दगड मारतात. आपण वहीकडे बघायचं. परमिट परत आलं? नाही. मग नाही.’ निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी रात्री दोन वाजता त्यांना जाग येते. एकच स्वप्न पडते : आपण स्विच दाबला आणि मग पाहिले तर परमिट अजून बाहेरच होते. ‘छत्तीस वर्षांत असं एकदाही झालं नाही,’ ते म्हणाले. ‘पण स्वप्नाला ते कोण सांगणार?’

२००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याच वर्षी ६ जूनला मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. वीज कमी पडत होती, ती कोठे किती द्यायची हे फार वरच्या पातळीवर ठरत होते. शिव्या मात्र खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाने खाल्ल्या. लाईनमनकाकांना एका लग्नघरासमोर लोकांनी घेराव घातला होता. त्यांतले दोघे त्यांच्या मुलाचे वर्गमित्र होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. ‘उकडत होतं त्यांना,’ ते म्हणाले.

निवृत्तीनंतरच्या दिवसांविषयी आम्ही विचारले तेव्हा प्रथमच क्षणभर शांतता पसरली. भविष्यनिर्वाह निधीचा एकरकमी पैसा आला तो मुलीच्या लग्नात, मुलाच्या शिक्षणात किंवा घराच्या स्लॅबमध्ये गेला. उरले ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या योजनेचे पेन्शन. देशभरच्या लक्षावधी कामगारांप्रमाणे यांचेही. त्या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये असावे हे ठरायलाच २०१४ साल उजाडले. यांपैकी कोणी किमान पातळीवर नाही, पण औषधांच्या बिलांशी त्या रकमेची गाठ पडत नाही. चिठ्ठीतील तेराव्या नावाच्या कुटुंबासाठी या चौघांनी तीन वर्षे दरमहा वर्गणी काढली, हे ड्रायव्हरकाकांच्या तोंडून चुकून निघून गेले आणि ऑपरेटरकाकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले.

*

अकरावे नाव आम्ही मुद्दाम मागे ठेवले आहे.

‘हा आमचा साखळीवाला,’ ऑपरेटरकाका म्हणाले. खाडीपलीकडच्या गावातले हे लाईनमन. लाईन बंद करून घेतली, फ्यूज काढले, परमिट हातात आहे, तरीही तारेला हात लावण्याआधी ते तारांवर साखळी टाकीत, सगळ्या तारा एकमेकींना जोडीत आणि साखळीचे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधीत. नियम तसाच आहे. परंतु पाच मिनिटांच्या कामासाठी दहा मिनिटे साखळी बांधायची, याचा घाईच्या वेळी बहुतेकांना कंटाळा येई. हे मात्र कधी चुकत नसत. सोबती थट्टा करीत, ‘काय रे, आधी लाईनला मंगळसूत्र घालणार, मगच हात लावणार?’

‘पण एकदा त्या मंगळसूत्रानेच त्याला वाचवला,’ वायरमनकाका पुढे सरसावले. ‘नाताळची रात्र होती, फादर. झावळी पडून तारा गुंतल्या होत्या. मी खाली, तो वर. डीपीवरचे फ्यूज काढलेले. एवढ्यात जवळच्या चर्चमध्ये पोरांनी जनरेटर चालू केला. चेंजओव्हर नाही, मेन स्विच तसाच चालू. जनरेटर धापा टाकून जागीच बंद पडला आणि साखळीतून ठिणग्या उडाल्या. साखळी नसती तर त्या वर्षीच त्याचं नाव चिठ्ठीत लिहावं लागलं असतं.’

चहाचा कप आमच्या हातात होता. तो आम्ही खाली ठेवला.

१९९७ सालचा नाताळ. दीक्षा होऊन आम्हांस जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि एका मोठ्या धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. प्रमुख धर्मगुरू आजारी असल्याने मध्यरात्रीच्या मिस्साची सारी जबाबदारी आमच्यावर आली होती. रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. मंडप माणसांनी भरलेला, गायकवृंद तयार, ध्वनिक्षेपक मुका. सजावट करणाऱ्या तरुणांनी भाड्याचा जनरेटर आणला होता. ‘जोडू का, फादर?’ त्यांनी विचारले. ‘विचारता काय, जोडा,’ आम्ही म्हणालो. जनरेटर घरघरला आणि लगेच बंद पडला. मुले त्याला शिव्या घालीत असताना सॅक्रिस्टीच्या दारात खाकी कपड्यांतील एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात साखळी होती. त्याने शांतपणे विचारले, ‘फादर, चेंजओव्हर नाही का तुमच्याकडे?’

आम्ही दिलेले उत्तर आम्हांस शब्दशः आठवते. ‘त्याचं नंतर बघू. लोक तासभर खोळंबलेत. आधी लाईट द्या.’

तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. ‘देतो,’ म्हणाला. स्वतः जाऊन त्याने मेन स्विच बंद केला, मुलांना बजावले, ‘मी सांगेपर्यंत जनरेटरला हात लावायचा नाही,’ आणि तो पुन्हा अंधारात निघून गेला. वीस मिनिटांनी दिवे लागले. घंटा वाजल्या, गायन सुरू झाले. त्या रात्री आम्ही जगाच्या प्रकाशावर प्रवचन केले आणि ते चांगले झाले असे पुष्कळांनी सांगितले.

पुढच्या वर्षी चर्चचे वायरिंग नव्याने करताना इलेक्ट्रिशियनने आम्हांस समजावून सांगितले. जनरेटरची वीज चर्चमध्ये यावी पण बाहेरच्या तारांत जाऊ नये, यासाठी मध्ये चेंजओव्हर स्विच लागतो. एका वेळी एकच वाट उघडी राहील, हा त्याचा गुण. तो नसला आणि मेन स्विचही चालू राहिला, तर जनरेटरची वीज उलट्या वाटेने खांबावरच्या तारांत शिरते. लाईन बंद आहे असे समजून जो माणूस वर चढला आहे, त्याच्या हातांत ती जाते. तो इलेक्ट्रिशियन बोलत होता आणि आमच्या डोळ्यांसमोर साखळी धरलेला तो हात उभा राहिला. चेंजओव्हर आम्ही त्याच आठवड्यात बसवून घेतला. त्या माणसाचा शोध मात्र घेतला नाही. पुढे बदली झाली, कामे वाढली, अशी कारणे आम्ही स्वतःला सांगत आलो. खरे कारण लाज हे होते. आम्ही इतरांची पापनिवेदने ऐकतो. हे एक आमच्याकडे पंचवीस वर्षांहून अधिक काळ पडून होते, आणि ज्याला सांगायचे त्याचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते, कारण त्या रात्री आम्ही ते विचारले नव्हते.

ते चर्च कोणते आणि तो धर्मगुरू कोण, हे आम्ही चौघांना सांगितले. कोणी काही बोलेना. मग वायरमनकाका हळूच म्हणाले, ‘तक्रार लिही, असं त्याला मीच सांगितलं होतं, फादर. चर्चवर कारवाई झाली असती. तो म्हणाला, फादर नवा पोरगा आहे, सणाची रात्र आहे. आपली साखळी होती ना? मग झालं.’

*

पुढच्या आठवड्यात वायरमनकाकांना सोबत घेऊन आम्ही खाडीपलीकडे गेलो. हे लाईनमन २०१९ मध्ये वारले. घरी त्यांची पत्नी आणि मुलगा आहेत. भिंतीवर त्यांची तसबीर होती. तो चेहरा आम्ही लगेच ओळखला असे लिहावयास आवडले असते, पण ते खरे होणार नाही. आम्ही तो ओळखला नाही. त्या रात्री आम्ही साखळीकडे पाहिले होते, चेहऱ्याकडे नव्हे.

आम्ही त्या ताईंना सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्या रात्रीचं ते दर नाताळला सांगायचे, फादर. उशिरा घरी आले तर हातात करंज्यांचा डबा. तुमच्या चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी दिलेला. तिने थांबवून चहा पाजला, नाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, असं म्हणायचे. जनरेटरचं कधी बोलले नाहीत. मला ते आज कळतंय.’ थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘ते असते तर म्हणाले असते, लाईट आली ना? मग विषय संपला.’

आमच्या स्वयंपाकघरातील त्या मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. त्या रात्री दारात आलेल्या माणसाचे नाव विचारावे, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही. मावशींच्या आले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही ती सतरा नावे वाचली. हुद्द्यांसह वाचली, एकेका नावानंतर थांबत वाचली. अठरावे नाव आम्ही आमच्या वहीतून घातले, ते मावशींचे. अकराव्या लाईनमनांचे नाव येथे छापत नाही. घरच्यांनी तशी इच्छा दर्शविली. पण ज्यांनी त्या दिवशी ते ऐकले त्यांच्यापैकी काहींच्या घराचे दिवे त्या हातांनी लावले होते. मागच्या बाकावर ताई आणि त्यांचा मुलगा बसले होते. चौघे सोबती त्यांच्या शेजारी होते.

या माणसांच्या कामाची एक अडचण आहे. शिक्षकाने शिकविलेला विद्यार्थी दिसतो, गवंड्याने बांधलेली भिंत दिसते. यांनी जे घडू दिले नाही ते कसे दिसावे? छत्तीस वर्षांत एकदाही न दाबलेला स्विच, दर वेळी बांधलेली साखळी, न लिहिलेली तक्रार : यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. म्हणून ती कोणीतरी विचारून घ्यावी लागते आणि माणसे हयात असताना विचारावी लागते. आम्हांस उशीर झाला. वाचकांना होऊ नये.

आगमनकाळ सुरू होताच आमचे तरुण तारांची आणि दिव्यांची खोकी बाहेर काढतात. गेल्या वर्षी ऑपरेटरकाका आणि लाईनमनकाका आपण होऊन आले. मुलांना चेंजओव्हर कोठे आहे ते त्यांनी दाखविले, तो कोणत्या बाजूला असला म्हणजे काय होते ते समजाविले आणि प्रत्येकाकडून एकदा करून घेतले. लग्नमंडपात किंवा घरी जनरेटर लावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे एकवार पाहून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. बाहेर अंधारात खांबावर कोणीतरी असतो.

आणि वीज परत आल्यावर तो खाली उतरला, तर त्याला चहा द्यावा आणि त्याचे नाव विचारावे.